‘लुटणें’ या क्रियापदाची कुळकथा

हिंदुस्थानांतून इंग्रजी भाषेंत गेलेले शब्द मोजूं लागलें, तर त्यांत बहुतेक नामेंच सांपडतात. बंगला, पायजमा, चटणी, खाट हे शब्द ज्या वस्तूंबरोबर गेले, त्या वस्तु गोऱ्या लोकांनीं प्रथम येथें पाहिल्या, वापरल्या आणि नांवांसह घरीं नेल्या. यांत नवल कांहींच नाहीं. परकी वस्तु घरांत आली म्हणजे तिचें नांवही मागोमाग येतें. क्रियापदाची गोष्ट वेगळी आहे. देणें, घेणें, मारणें, पळणें या क्रिया जगांतील प्रत्येक समाज करीत असतो आणि त्यांना प्रत्येक भाषेंत घरचे शब्द असतात. म्हणून एका भाषेचें क्रियापद दुसरी भाषा सहसा उचलीत नाहीं. इंग्रजींत गेलेलीं आपल्याकडील क्रियापदें थोडींच आहेत. त्यांतील एक ‘शांपू’. तें हिंदी ‘चांपो’ या आज्ञार्थी रूपापासून निघालें आणि अंग चेपण्याचा मूळचा अर्थ टाकून केस धुण्याच्या कामीं लागलें. दुसरें, आणि त्याहून पुष्कळच गंभीर, म्हणजे ‘लूट’.

आज युद्ध असो, दंगल असो कीं भूकंप असो, त्याची हकीकत इंग्रजींत लिहितांना या क्रियापदावांचून लेखकाचें पान हलत नाहीं. अर्जुनी मोरगावसारख्या गांवीं, जेथें मुलांच्या कानांवर घरीं झाडीबोली पडते व इंग्रजीची ओळख शाळेंतच होते, तेथेंही हा एक शब्द विद्यार्थ्यांना समजावून सांगावा लागत नाहीं. तो आपलाच आहे, हें ते लगेच ओळखतात. परंतु ओळख पटल्यावर जो प्रश्न निघतो तो मात्र सोपा नसतो. एवढे शब्द असतां इंग्रजांनीं आपल्यापासून नेमका हाच कां घेतला? आपण लुटारू होतों म्हणून कीं ते होते म्हणून? या प्रश्नाचें उत्तर अभिमानानें द्यावयाचें नसून शब्दाचा इतिहास पाहून द्यावयाचें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि तोच यत्न येथें करावयाचा आहे.

प्रथम कुळ पाहूं. मराठी ‘लुटणें’ आणि हिंदी ‘लूटना’ यांची व्युत्पत्ति पंडित दोन मार्गांनीं लावतात. एक मार्ग ‘लुप्’ या धातूकडे जातो. तोडणें, हिरावून नेणें हा त्याचा अर्थ. ‘लोप’ आणि ‘लुप्त’ हे आपले नित्याचे शब्द त्याचेच. या धातूपासून ‘लोप्त्र’ म्हणजे चोरीचा माल हा शब्द झाला. याज्ञवल्क्यस्मृतींत चोर कशावरून धरावा हें सांगतांना त्याच्यापाशीं सांपडलेलें लोप्त्र आणि त्याच्या पावलांचा माग या दोन खुणा दिल्या आहेत. दुसरा मार्ग ‘लुण्ट्’ अथवा ‘लुण्ठ्’ या धातूकडे जातो. ‘लुण्ठन’ आणि ‘लुण्ठाक’ म्हणजे लुटारू हे संस्कृत शब्द त्यावरून आले, आणि प्राकृतांतून खालीं उतरतांना अनुनासिक गळून पडला. उच्चाराच्या दृष्टीनें हा दुसरा मार्ग अधिक सरळ दिसतो. पण पहिल्या मार्गांत एक गंमत आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ‘लुप्’ या धातूचा जो आदिरूप भाऊ युरोपांत गेला, त्यापासून लॅटिनमध्यें ‘तोडणें’ या अर्थाचें क्रियापद झालें आणि जर्मानिक भाषांत ‘हिरावणें’ या अर्थाचें. इंग्रजीतील ‘रॉब’ हें त्याच वंशांतील. इतकेंच नव्हे, तर ‘रोब’ म्हणजे झगा हाही त्याच वंशांतला. कारण शत्रूच्या अंगावरून उतरविलेलें वस्त्र हा त्याचा जुना अर्थ. आज न्यायाधीश जो झगा घालून चोराला शिक्षा देतो, त्याचें नांव एके काळीं लुटीच्या मालाचें नांव होतें! तेव्हां ‘लूट’ हा शब्द ‘लुप्’चा वंशज मानला, तर इंग्रजीनें अठराव्या शतकांत जो पाहुणा घरांत घेतला, तो तिचाच फार दूरचा चुलतभाऊ ठरतो.

मराठींत हें क्रियापद किती निरनिराळीं कामें करतें तें पाहण्यासारखें आहे. दरोडेखोर वाटसरूस लुटतो, वाणी गिऱ्हाइकास लुटतो. हे अर्थ सर्वांस ठाऊक आहेत. परंतु सहलीस गेलेले लोक मजा लुटतात, श्रोते गाण्याचा आनंद लुटतात, आणि भाव उतरलेल्या दिवशीं बाजारांत धान्याची लूट असते. संतांनींही नामाच्या लुटीला सर्वांस आमंत्रण दिलें आहे. या सर्व प्रयोगांत घेणाऱ्यास भरपूर मिळतें, पण कोणाचें कांहीं जात नाहीं. बोरन्हाणाच्या दिवशीं लहान मुलाच्या डोक्यावरून बोरें, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि भोंवतालचीं मुलें तीं लुटतात. दसऱ्यास आपण आपट्याचीं पानें सोनें म्हणून लुटतों. कालिदासानें रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत रघु व कौत्स यांची कथा सांगितली आहे. गुरुदक्षिणेसाठीं कौत्सास चौदा कोटि सुवर्ण हवें. कुबेरानें त्याहून फार अधिक दिलें. कौत्स गरजेहून जास्त घेईना आणि रघु दिलेलें परत घेईना. लोककथेनें पुढें असें जोडलें कीं, तें उरलेलें सोनें झाडाखालीं पडलें आणि नगरवासीयांनीं लुटलें. म्हणजे जें धन दाता ठेवूं इच्छीत नाहीं व याचक नेऊं इच्छीत नाहीं, त्याची ही लूट.

याहून विशेष आहे तो संक्रांतीचा प्रयोग. हळदीकुंकवाच्या दिवशीं सुवासिनी वाण ‘लुटतात’. येथें लुटणें म्हणजे घेणें नव्हे, देणें. “यंदा काय लुटलेंत?” असें एक बाई दुसरीस विचारते तेव्हां तिला, तुम्हीं आम्हां सर्वांस काय दिलेंत, असेंच विचारावयाचें असतें. एकाच क्रियापदानें हिरावून घेणें आणि मोकळ्या हातानें वांटणें या दोन टोंकांच्या क्रिया दाखवाव्या, हें आमच्या मतें मराठी भाषेचें एक लेणें आहे. इंग्रजींत जातांना या दोन्ही अर्थांपैकीं एकच गेला. आनंद लुटण्याचा अर्थ गेला नाहीं, वाण लुटण्याचा तर नाहींच नाहीं. गेला तो तलवारीचा अर्थ. शब्द कोणाच्या हातांतून गेला हें यावरून उघड होतें: तो घरांतून गेला नाहीं, छावणींतून गेला.

तो कसा गेला, याचा मागोवा बऱ्यापैकीं घेतां येतो. यूल आणि बर्नेल या दोघां विद्वानांनीं १८८६ सालीं ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा कोश प्रसिद्ध केला. हिंदुस्थानांतील इंग्रजांच्या बोलण्यांत रुळलेल्या देशी शब्दांचा हा कोश म्हणजे त्या काळच्या समाजाचा आरसाच आहे. त्यांतील उताऱ्यांवरून असें दिसतें कीं, अठराव्या शतकांत प्रथम ‘लुटी’ आणि ‘लुटीवाला’ हे शब्द इंग्रजी लेखनांत आले, आणि १७८२ च्या सुमारास म्हैसूरच्या घोडेस्वारांस उद्देशून ते वापरलेले आढळतात. १७८८ च्या एका शब्दसंग्रहांत ‘लूट’ येतो. १८०२ सालीं लंडनांत निघालेल्या चार्ल्स जेम्स यांच्या लष्करी कोशांत ‘लूट’ हा शब्द, हिंदुस्थानी संज्ञा असें सांगून, दिला आहे. क्रियापद म्हणून त्याचा वापर रूढ होण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. आधीं कर्त्याचें नांव गेलें, मग मालाचें आणि शेवटीं क्रियेचें. जोंपर्यंत लुटणारा दुसरा होता, तोंपर्यंत नामानें काम भागलें. ‘मी लुटतों, तूं लुटतोस’ असें चालविण्याची गरज पडली तेव्हां क्रियापद झालें.

यूल आणि बर्नेल पुढें सांगतात कीं, १८४१ चें चीनचें युद्ध, १८५४-५५ चें क्रिमियाचें युद्ध आणि १८५७-५८ चा हिंदुस्थानांतील उठाव या तीन प्रसंगीं हा शब्द विलायतेंत हळूहळू पसरला. म्हणजे तो तेथें पोहोंचविला तो पंडितांनीं अथवा व्यापाऱ्यांनीं नव्हे, तर घरीं परतलेल्या शिपायांनीं आणि त्यांच्या पत्रांनीं. त्याचें कुळ लोक किती लवकर विसरले याचें उदाहरण मोठें मौजेचें आहे. स्मिथ नांवाच्या एका इंग्रज नौसेनापतीचा दर्यावर्दी शब्दांचा कोश १८६७ सालीं निघाला. त्यांत त्यानें ‘लूट’ हा शब्द चीनमधून घेतलेला आहे, असें नमूद केलें! सात वर्षांपूर्वीं, १८६० सालीं, इंग्रज आणि फ्रेंच फौजांनीं पेकिंगजवळील चिनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला होता. शब्द आणि कृति यांची सांगड तेथें इतकी घट्ट बसली कीं, शब्दही तेथलाच वाटला.

येथें कोणी विचारील, इंग्रजींत या क्रियेस शब्द नव्हता काय? होते, आणि पुष्कळ होते. पण तेही बहुतेक बाहेरचेच. ‘प्लंडर’ हा जर्मन शब्द. मुळांत त्याचा अर्थ घरांतील चीजवस्तु, अंथरूणपांघरूण. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धांत जर्मनीतील खेड्यापाड्यांतून जें उचलून नेलें गेलें, त्यावरून तो लुटण्याचा शब्द झाला आणि परतलेल्या शिपायांबरोबर इंग्लंडांत आला. ‘रॅनसॅक’ हा शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांचा. त्याचा मूळ अर्थ घराची झडती. शहर ‘सॅक’ करणें हें फ्रेंचांचें. त्यांत लुटीचा माल भरण्याची पिशवी लपलेली आहे. ज्या ज्या युद्धाची झळ लागली, त्या त्या युद्धानें इंग्रजी भाषेस या कर्माचा एकेक शब्द दिला. हिंदुस्थानांतील युद्धांनीं ‘लूट’ दिला. तेव्हां हा शब्द घेण्यावरून आपण लुटारू ठरत नाहीं आणि केवळ त्यावरून इंग्रजही ठरत नाहींत. ठरतें तें इतकेंच कीं, ज्या भूमीवर हा शब्द दोघांच्या तोंडीं आला, त्या भूमीवर लूट चालली होती. कोण कोणाला लुटीत होतें, हें शब्दकोश सांगत नाहीं. तें इतिहासास विचारावें लागतें.

इंग्रजी ग्रंथांत या शब्दाचा पहिला मानकरी पेंढारी. त्यांचा उपद्रव भयंकर होता यांत संशय नाहीं. १८१६ च्या मार्चमध्यें ते कंपनीच्या अमलाखालील गुंटूरकडच्या मुलखांत शिरले. साडेअकरा दिवसांत त्यांनीं ३३९ गांवें लुटलीं, १८२ माणसें ठार केलीं, ५०५ जबर जखमी केलीं आणि ३,६०३ जणांचे हाल केले, असें पुढें झालेल्या सरकारी चौकशींत मोजलें गेलें. नागपूरच्या राज्यासही त्यांचा त्रास पोहोंचला होता. पूर्व विदर्भांतील कित्येक गांवीं मातीच्या गढ्यांचे जे अवशेष दिसतात, त्यांच्या भिंतीआड त्या काळचे शेतकरी आपलीं बायकामुलें व धान्य घेऊन बसत. आमच्या पूर्वजांनीं पेंढाऱ्यांस वीर मानलें नाहीं. तें आपणही मानण्याचें कारण नाहीं. पण हेंही विसरतां कामा नये कीं, हे पेंढारी मराठे सरदारांच्या फौजांमागून चालत आणि त्यांजकडून पालपट्टी नांवाचा कर घेऊन त्यांना लुटीची मोकळीक देण्यांत येई. लूट हा धंदा झाला आणि त्यावर सरकारी पट्टी बसली कीं राज्याचा पाया कोठें पोहोंचला हें निराळें सांगावयास नको.

१८१७-१८ च्या युद्धानें पेंढारी संपले आणि पेशवाईही संपली. चीतू पेंढारी १८१९ सालीं असीरगडाजवळच्या रानांत वाघाच्या तोंडीं पडला. आणि येथून कथेचा दुसरा भाग सुरू होतो. पेंढाऱ्यांनीं नेलें त्यास ‘लूट’ म्हणत. पेशव्यांचें जें इंग्रजांनीं नेलें त्यास ‘प्राइझ’ म्हणजे बक्षीस असें नांव मिळालें. ‘डेक्कन प्राइझ’ या नांवानें ओळखल्या गेलेल्या या संपत्तीच्या वांटणीवरून बंगालची फौज आणि दख्खनची फौज यांच्यांत वर्षानुवर्षें वाद चालला. पेशव्यांकडून घेतलेला ‘नासक’ हिरा, ज्याच्या नांवांत नाशिक अजून शिल्लक आहे, याच मार्गानें विलायतेस जाऊन तेथील जवाहिऱ्यांच्या हातीं पडला. रायगडचे किल्लेदार नारोबा औटी यांची पुण्यांतील मालमत्ता एल्फिन्स्टनच्या अमलांत सरकारनें जप्त केली, तेव्हां त्यांच्या व्यवस्थापकांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दावा लावला आणि तेथें तो जिंकला. पण १८३० सालीं प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल फिरविला. लढाईच्या ओघांत शत्रूच्या मालावर जो हात पडतो, त्याचा न्याय मुलकी कोर्टानें करावयाचा नाहीं, असा त्याचा मथितार्थ. पेंढाऱ्यास असा निर्णय कोणीं दिला असता?

झांशीची हकीकत तर एका मराठी माणसानेंच डोळ्यांनीं पाहून लिहून ठेविली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे दक्षिणेच्या आशेनें उत्तरेस गेलेले गरीब भिक्षुक १८५८ च्या एप्रिलमध्यें शहर पडलें तेव्हां तेथेंच होते. त्यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापलें. शहर पाळीपाळीनें कसें लुटलें गेलें, आधीं सोनेंरुपें आणि शेवटीं धान्यापर्यंत कांहीं कसें सुटलें नाहीं, तें त्यांनीं कोणताही आवेश न आणतां सांगितलें आहे. त्यांच्या भाषेंत या प्रकारास लूट हा एकच शब्द आहे. वेगळ्या नांवाची त्यांना जरुरी वाटली नाहीं.

पण शब्दाची खरी परीक्षा रणांगणावर होत नसून शांततेच्या काळांत होते, आणि तिचें उदाहरण आमच्या नागपूर प्रांताइतकें चांगलें दुसरें मिळणार नाहीं. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं वारले. पुत्र नव्हता. लॉर्ड डलहौसीनें १८५४ सालीं राज्य खालसा केलें, आणि त्या वेळीं आजच्या गोंदिया व भंडारा जिल्ह्यांचा मुलूखही भोसल्यांकडून कंपनीकडे गेला. त्यानंतर राजवाड्यांतील वस्तु निघूं लागल्या. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलांवांत मातीमोल विकले गेले. जडजवाहीर, थोडेंबहुत वगळून, कलकत्त्याच्या बाजारांत गेलें. वृद्ध बांकाबाईंस हा अपमान असह्य झाला. सामान हलविलें तर वाड्यास आग लावीन, असें त्या म्हणाल्या. तरीही सामान हललेंच. हें सर्व आम्ही कोणा देशभक्ताच्या व्याख्यानांतून घेतलेलें नाहीं. केय या इंग्रज इतिहासकारानें १८५७ च्या उठावाच्या आपल्या इतिहासांत तें लिहिलें आहे, आणि लिहितांना त्याला वाईट वाटलें आहे, हें त्याच्या वाक्यावाक्यांतून जाणवतें. मात्र शब्द निवडतांना तोही थबकला. राजवाड्याच्या या गतीस त्यानें लॅटिन वळणाचा भारदस्त शब्द योजिला. छावणींतला ‘लूट’ हा उघडानागडा शब्द तेथें आला नाहीं. येथें हातांत भाला नव्हता, हातोडी होती. वही होती, पावती होती, आणि विक्रीचा पैसा भोसले कुटुंबाच्या नांवें एका निधींत ठेवण्याची तजवीजही होती. आणि ज्यांची वस्तु, त्यांची संमति मात्र नव्हती. ती नसतां बाकीचें सर्व असलें तर कर्म बदलतें कीं केवळ कर्माचें नांव बदलतें, याचा वाचकांनींच विचार करावा.

येथें थांबलों असतों तर हा लेख लिहिणें सोपें झालें असतें, आणि वाचणेंही. पण हीच फूटपट्टी स्वतःच्या अंगणांत लावल्यावांचून ती फूटपट्टी खरी ठरत नाहीं. आपल्याकडेही या कर्मास भारदस्त शब्दांची उणीव नव्हती: मुलूखगिरी, खंडणी, चौथ, सरदेशमुखी. दसऱ्यास सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीस निघत, आणि घरोघर सोनें लुटण्याचा तोच दिवस असे. पण या सर्व मोहिमा एका पारड्यांत घालणें हेंही अज्ञानच होय. शिवाजीमहाराजांनीं जानेवारी १६६४ मध्यें व पुन्हां ऑक्टोबर १६७० मध्यें सुरत लुटली. मराठी बखरकारही त्यास लूटच म्हणतात, दुसरें नांव देत नाहींत. हा त्यांचा सरळपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. इंग्रज कोठीवाल्यांच्या लेखांत पैसा लपविणाऱ्यांवर झालेल्या कठोर उपायांचे उल्लेख आहेत. फ्रेंच प्रवासी बर्निये याच्या लेखांत एका मृत दानशूर दलालाचें घर, त्याच्या धर्मशीलतेमुळें, मुद्दाम वगळल्याचाही उल्लेख आहे. दोन्ही वाचावे. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ मध्यें लिहिलेल्या बखरींत महाराजांच्या लष्कराचे नियम आहेत. फौजेबरोबर बायको, बटीक, कलावंतीण नसावी. परमुलखांत बायकामुलें धरूं नयेत. गाय घेऊं नये. परत आल्यावर जें आणलें त्याची झडती होऊन हिशेब सरकारांत द्यावा. लुटीला नियम होते म्हणून ती लूट नव्हती, असें नाहीं. पण ज्यानें नियम केले त्याला आपण काय करीत आहोंत याची जाणीव होती, एवढें तरी खास.

पुढच्या पिढ्यांत ही जाणीव किती उरली? नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकराच्या हाताखालीं १७४२ सालीं बंगालवर गेल्या. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारी वाट आमच्याच या झाडीच्या मुलखांतून जाते. १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालनें काय भोगलें, तें गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यांत लिहून ठेविलें आहे. कलकत्त्याच्या इंग्रजांनीं भयानें शहराभोंवतीं खंदक खणावयास घेतला. ‘मराठा खंदक’ हें त्याचें नांव. ‘बारगीर’ हा आपल्याकडे साधा, मानाचा शब्द. ज्याला घोडा व हत्यार सरकारांतून मिळतें तो बारगीर. बंगालींत त्याचा ‘बर्गी’ झाला आणि अंगाईगीतांत जाऊन बसला. तेथील आया पिढ्यानुपिढ्या त्याच्या नांवानें मुलें निजवीत आल्या. १७५१ च्या तहानें अलीवर्दीखानानें ओरिसाचा वसूल व दरसाल बारा लाख रुपये चौथ देण्याचें कबूल केलें. कालपर्यंत जी लूट होती ती आज हप्तेबंदीची चौथ झाली. वस्तु तीच, नांव सभ्य. न्यायमूर्ति रानड्यांनीं चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेच्या पद्धतीशीं केली. यदुनाथ सरकारांस ती केवळ मराठ्यांचा ससेमिरा टाळण्याची किंमत वाटली. आमच्या मतें या दोन मतांत वाटतो तेवढा विरोध नाहीं. तैनाती फौजेचा पैसा देणारा राजा तरी दुसरें काय विकत घेत होता?

तेव्हां विद्यार्थ्यांच्या त्या प्रश्नाचें उत्तर आम्ही असें देऊं. ‘लूट’ हा शब्द दुसऱ्याच्या कृत्यासाठीं आणि त्याच कृत्याचा सभ्य शब्द स्वतःसाठीं, ही वांटणी इंग्रजांनीं केली, आपणही केली आणि आजही जगांत चालू आहे. हेगच्या १९०७ च्या करारांत २८ व ४७ या कलमांनीं युद्धांतील लुटीस स्पष्ट मनाई करण्यांत आली, हें मोठेंच पाऊल. परंतु कायदा कृत्यास बांधतो, नांवास बांधीत नाहीं, आणि पळवाट नेहमीं नांवांतूनच निघते. इतिहास वाचतांना शब्दाच्या भारदस्तपणानें न दिपतां तीन साधे प्रश्न विचारावे. वस्तु कोणाची होती? त्यानें ती राजीखुशीनें दिली काय? नकार दिला असता तर त्याचें काय झालें असतें? या तीन प्रश्नांपुढें पेंढाऱ्याचा भाला, प्राइझ एजंटाची वही, चौथाईचा हप्ता आणि सीताबर्डीचा लिलांव यांचीं सोंगें गळून पडतात.

हा केवळ मागच्या काळचा वाद नाहीं. २०२५ च्या एप्रिलमध्यें लंडनच्या सदबी या लिलांव-संस्थेंत पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार विक्रीस आली. महाराष्ट्र सरकारनें ती सुमारें ४७ लक्ष रुपयांस विकत घेतली आणि ऑगस्टमध्यें ती मुंबईस पोहोंचली. ज्याच्या फौजांनीं बंगाल लुटला त्याची ती तलवार. नागपूरच्या राजवंशाचें वैभव नाहींसें होऊन पावणेदोनशें वर्षें लोटल्यावर ती पैसे मोजून परत आणावी लागली. ती पाहण्यास जे जातील त्यांनीं तिच्या मुठीवरची कारागिरी अवश्य पाहावी. पण तिच्याजवळ उभें राहून मुलांस दोन्ही गोष्टी सांगाव्या: नागपूरच्या राजवाड्यांतून काय गेलें ती, आणि बंगालच्या घरांतून काय गेलें ती. एक सांगून दुसरी लपविली, तर आपण मुलांना इतिहास दिला नाहीं, फक्त कैफियत दिली.

राहतां राहिला शब्द. इंग्रजींत तो गेला तो अर्धाच गेला. त्याचा दुसरा अर्धा, वाण लुटण्याचा, सोनें लुटण्याचा, बोरन्हाणाचा, अजून आपल्या घरांतच आहे. त्याला भाषांतर नाहीं, आणि कोणत्याही फौजेस तो उचलून नेतां आला नाहीं. येत्या संक्रांतीस घरोघर तो पुन्हां ऐकूं येईल. ज्या भाषेंत लुटणें म्हणजे देणें असाही अर्थ होतो, त्या भाषेच्या लोकांस स्वतःच्या इतिहासांतील दुसऱ्या अर्थाकडे न डगमगतां पाहतां आलें पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.